वाचक विचारतात: कानाला लावायचे कर्णे

गेल्या अंकात जुन्या घरगुती वस्तूंबद्दल लिहिताना विजेशिवाय चालणाऱ्या श्रवणयंत्रांचा, म्हणजे कानाला लावायच्या कर्ण्यांचा, जाता जाता उल्लेख केला होता. लेखाचा विषय वेगळाच होता, पण पत्रं आली ती सगळी ह्या कर्ण्यांवर! म्हणून ह्या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रांना कात्री लावलीये, राग मानू नये.

प्रश्न: बॅटरी नाही, मशीन नाही, नुसता पितळेचा कर्णा. त्याने खरंच ऐकू यायचं का? मला तर हा मनाचा खेळ वाटतो.

मनाचा खेळ नाही हो, ऐकू यायचं, फक्त किती आणि कोणाला ते बघावं लागतं. आत्ता वाचता वाचता पंजा कानामागे धरून बघा, तेवढ्यानेही पाच ते दहा डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं एकक) फरक पडतो, जास्त करून वरच्या सुरांमध्ये. कर्णा हेच काम जरा नेटाने करतो. तो आवाज तयार करत नाही, रुंद तोंडावर पडलेला आवाज गोळा करतो आणि निमुळत्या वाटेने कानाच्या भोकाशी आणून सोडतो. हिशोबच करायचा तर कर्ण्याचं तोंड १२ सेंटिमीटर व्यासाचं आणि कानाचं भोक ७ मिलिमीटरचं धरा, क्षेत्रफळात जवळजवळ तीनशे पट फरक झाला, म्हणजे कागदावर चोवीस-पंचवीस डेसिबल मिळायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक कर्णे दहा-पंधराच्या आसपास अडकतात, एखाद्या ठराविक सुराला त्याहून बरेच वर जातात आणि बाकीच्या सुरांचं विशेष काही करत नाहीत.

असं का, तर जाड आवाजाच्या लाटा फार लांब असतात, १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांची, लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, ती वीतभर तोंडाच्या कर्ण्याला जुमानतच नाही. त्याची हुकमत मधल्या पट्ट्यात, ढोबळमानाने ५०० ते १५०० हर्ट्झ. बोलण्याचा बराचसा भाग तिथेच येतो म्हणून हे जमलं. पण आतली हवा स्वतःच्या सुरात घुमते आणि त्यामुळे समोरच्याचा आवाज ओळखीचा राहत नाही, जरा पत्र्याचा होतो.

आता कोणाला उपयोग. पडदा, मधल्या कानातली हाडं अशा ठिकाणी अडथळा असेल तर आवाज वाढवला की काम होतं, त्या लोकांना कर्णा खरंच वरदान होता. वयामुळे आतला कान थकला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी जातात ते वरचे सूर, स, श, फ ही अक्षरं तिथेच राहतात आणि मुळातच हळू असतात, त्यामुळे आवाज येतो पण साठ म्हणाले की आठ ते कळत नाही. कर्णा इथे फार मदत करू शकत नव्हता.

प्रश्न: मी नववीत आहे, सायन्स एक्झिबिशनसाठी कर्णा बनवायचाय. जेवढा मोठा तेवढा चांगला ना? आणि आकार कसा ठेवू?

मोठा चांगलाच, तोंड जेवढं रुंद तेवढा खालचा सूर पकडतो. पहिल्या महायुद्धात आणि नंतरही, रडार येईपर्यंत, शत्रूची विमानं कुठून येतायत ते ऐकायला सैन्यं माणसाहून मोठे कर्णे वापरायची, एकमेकांपासून लांब लावलेले, नळ्या थेट शिपायाच्या कानात, दोन्ही कानांतल्या फरकावरून दिशा ओळखायची. पण माणसाने हातात धरून बसायचं म्हटलं की वीत-दीड वीत लांबी पुरे, पुढे हात दुखतो.

आकाराचं सांगायचं तर सरळ शंकूपेक्षा सनईच्या तोंडासारखा, म्हणजे आधी हळूहळू आणि शेवटी झपकन रुंद होणारा, चांगला. मार्गाची रुंदी अचानक बदलली की तिथून आवाजाचा काही भाग उलटा फिरतो, बदल सावकाश असेल तर तो पुढे सरकत राहतो. गंमत म्हणजे कर्ण्याच्या आकाराचं जे समीकरण आज सगळे वापरतात ते आर्थर वेब्स्टर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं आणि त्याचा तो पेपर छापून आला १९१९ साली, तोपर्यंत विजेची श्रवणयंत्रं बाजारात येऊन पंधराएक वर्षं झाली होती! कर्ण्यांचं वर्णन तर सतराव्या शतकापासून सापडतं, फ्रान्सचा जेझुइट पाद्री आणि गणिती जाँ ल्यूरेशों ह्याने ते लिहून ठेवलंय. म्हणजे कारागिरांनी दोनशेहून जास्त वर्षं नुसत्या हाताच्या आणि गिऱ्हाइकाच्या कानाच्या भरवशावर काम केलं, आणि गणित आलं ते वरातीमागून घोडं.

तू जाड कार्डपेपर घे, तोंड १५-२० सेंटिमीटरचं ठेव, बारीक टोकाला रबराची नळी लाव आणि सांधे टेपने नीट बंद कर, बारीकशी फट राहिली तरी सगळं पाणी पडतं. नुसतं कानाला लावून दाखवू नकोस, परीक्षक विचारतील पुरावा काय. एका मोबाईलवर २५०, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे सूर वाजव, दुसऱ्या मोबाईलचा माइक नळीच्या टोकाशी धरून साउंड मीटर ॲपवर आकडे घे, मग कर्णा काढून त्याच जागी परत घे, आणि दोन्हींचा आलेख काढ. तो आलेख वेडावाकडा येईल, तसाच यायला हवा. आणि दोन गोष्टी पाळ, नळी कानात खुपसायची नाही आणि मित्रांना कर्ण्यात ओरडू द्यायचं नाही.

प्रश्न: जुन्या सामानात पितळेची एक वाकडी तुतारीसारखी वस्तू मिळाली, लांबी साधारण फूटभर. विकणाऱ्याच्या मते बहिऱ्यांचा कर्णा, भाऊ म्हणतो गाडीचा भोंपू आहे. ओळखायचं कसं?

तोंडाकडे बघत बसू नका, बारीक टोक बघा. भोंपूच्या बारीक टोकाला रबरी फुगा अडकवायची सोय असते आणि जवळच आत पत्ती, फुंकलं तर वाजते. कर्णा फुंकून वाजणार नाही, फक्त हवा जाईल. कानाच्या कर्ण्याचं टोक करंगळीहून बारीक, गोलसर, कुठेही धार नसलेलं असतं, बरेचदा हस्तिदंताचं नाहीतर काळ्या कडक रबराचं, म्हणजे व्हल्कनाइटचं, वेगळं बसवलेलं, आणि ते मुख्य नळीला कोन करून वळलेलं असतं कारण कर्णा खाली हनुवटीच्या बाजूला धरून तोंड पुढे करायचं असतं. टोक उलट पसरट वाटीसारखं असेल, ओठ मावतील एवढं, तर ती ऐकायची नाही, बोलायची वस्तू आहे, जहाजावरचा कप्तान ओरडायला वापरायचा तशी.

अजून एक खूण म्हणजे तोंडावर जाळी किंवा भोकं पाडलेली चकती. आणि मधे दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे भाग असतील तर खिशात घालायचा घडीचा कर्णा, ते बरेच निघायचे. त्या जातीत सांध्यांतून हवा गळते, ऐकायला फार ग्रेट नसतात. डाख दिलेल्या जागा बोटाने चाचपून बघा, जुन्या हातकामात नळीच्या लांबीभर एक शिवण लागते, पत्रा गुंडाळून जोडलेला असतो ना. अगदी गुळगुळीत, शिवण नसलेली आणि सगळीकडे सारखीच काळपटलेली वस्तू असेल तर मला शंका येईल, शोभेच्या नकला भरपूर आहेत.

प्रश्न: माझ्या सासूबाई मशीन लावायला लाजतात, दिसतं म्हणून. मग तेव्हाच्या बायका एवढा मोठा भोंगा घेऊन चारचौघांत कशा बसायच्या?

बसायच्या नाहीत सहसा, लपवायच्या. आणि त्या लपवण्यातूनच ह्या धंद्यातली सगळ्यात डोकेबाज आणि सगळ्यात कुचकामी डिझाइनं जन्माला आली.

लंडनमध्ये १८०० साली फ्रेडरिक रेइनने दुकान थाटलं, कर्णे धंदा म्हणून मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्यांत हे पहिलं नाव घेतात. त्याच्याकडे साधे पत्र्याचे कर्णे होते तसे डोक्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी लावलेले छोटे शिंपलेही होते, पट्टी केसांखाली किंवा टोपीखाली जायची, शिंपल्यांवर केसांच्या रंगाचा मुलामा. हात मोकळे राहायचे हा मोठाच फायदा. पण इंच-दोन इंचाचं तोंड गोळा करून करून किती करणार? इतरांनी हातपंख्यात बसवले, चालायच्या काठीच्या मुठीत बसवले, पुरुषांच्या उंच हॅटमध्ये बसवले. टेबलाच्या मधोमध फुलदाणी ठेवायची, तिला चहूबाजूंनी भोकं आणि खालून नळी निघून थेट यजमानाच्या कानात, हेही झालं. नवरा गेलेल्या बाईसाठी काळ्या रेशमात आणि लेसमध्ये गुंडाळलेले कर्णे मिळायचे, म्हणजे शोकाच्या पोशाखाला शोभावेत म्हणून. कापडाचा एक उपयोग मात्र खराच होता, धातूच्या नळीवर बोटं घासली की त्याची खरखर कानात जायची, रेशमाने ती कमी होते.

त्यातलं मला मनापासून आवडलेलं डिझाइन म्हणजे लंडन डोम. बाहेरून बघाल तर बुटका पोकळ घुमट, पुढे नक्षीची जाळी आणि बाजूने निघालेली वाकडी नळी. आवाज जाळीतून आत येतो, घुमटाच्या आतल्या वक्र भिंतीवर आपटून परत फिरतो आणि मधोमध असलेल्या नळीच्या तोंडात शिरतो. म्हणजे लांब कर्ण्याचा रस्ता घडी घालून मुठीएवढ्या जागेत कोंबलाय. नंतरच्या काळात लाउडस्पीकरवाल्यांनी हीच घडीची युक्ती उलट्या दिशेने वापरली. नाटक-ऑपेराला न्यायला हा डोम लोकप्रिय होता आणि दिसायला तो दागिन्यासारखाच असायचा.

रेइनच्याच नावावर लपवण्याचा कळस आहे, पोर्तुगालच्या सहाव्या जॉन राजासाठी १८१९ ची खुर्ची. तेव्हा हा राजा ब्राझीलमध्ये होता, नेपोलियनच्या स्वारीमुळे दरबार १८०८ पासून रिओलाच मुक्कामी. खुर्चीचे हात म्हणजे दोन कोरीव सिंह, तोंडं उघडी, आतून पोकळ. समोरच्याने सिंहाच्या तोंडाशी बोलायचं, आवाज हातांतून खुर्चीच्या आतल्या पोकळीत आणि तिथून नळीने राजाच्या कानात. आता सिंहाची तोंडं राजाच्या हाताच्या उंचीवर, म्हणजे बोलणाऱ्याला गुडघे टेकावेच लागायचे! राजाला कमी ऐकू येतं ह्याचा बोभाटाही नाही आणि दरबारी रिवाजही आपोआप पाळला गेला. कामाची गोष्ट अशी की ही खुर्ची टोपीतल्या शिंपल्यांपेक्षा नक्कीच जास्त चालत असणार, कारण बोलणाऱ्याचं तोंड सिंहाच्या जबड्यापर्यंत आणलं होतं. ते का महत्त्वाचं ते पुढच्या एका उत्तरात.

सासूबाईंना एवढंच सांगा की हातातला कर्णा दिसला की समोरचा आपोआप तोंड वळवून सावकाश बोलायचा. लपवलेल्याला ती सवलत नसते.

प्रश्न: दातात पंखा धरून ऐकू यायचं असं कुठेतरी वाचलं. थाप ना?

थाप नाही. शिकागोचा रिचर्ड ऱ्होड्स, स्वतः बहिरा, त्याने १८७९ मध्ये ऑडिफोनचं पेटंट घेतलं. काळ्या व्हल्कनाइटचा पातळ पंखा, वरच्या कडेपासून मुठीपर्यंत दोऱ्या, दोऱ्या ओढल्या की पंखा धनुष्यासारखा वाकतो आणि ताणलेला राहतो. वरची कड वरच्या दातांना टेकवायची. आवाजाने पंखा थरथरतो, थरथर दातातून कवटीच्या हाडात आणि हाडातून थेट आतल्या कानात, बाहेरचा कान आणि पडदा दोन्हीला वळसा. चावीचं घड्याळ दातात धरून कानात बोटं घाला, टिकटिक कशी येते बघा. कानाचे डॉक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवून कानामागच्या हाडावर टेकवतात ती रिने टेस्ट १८५५ ची, तत्त्व हेच.

मात्र पंखा हलका, हवेतून येणारा आवाज त्याला थोडाच हलवतो, त्यामुळे ज्यांचा आतला कान शाबूत आहे त्यांनाच काय तो फायदा. कवळी असेल तर अजूनच कठीण. आणि पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या कोलाडोन ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की चकचकीत पुठ्ठ्याचा तुकडा वाकवून दातात धरला तरी जवळपास तेच काम होतं, फुकटात म्हणा ना. महागड्या पंख्याच्या धंद्याला हे काही मानवलं नसणार. कल्पना मात्र टिकली, हाडात स्क्रू बसवून ऐकवणारी यंत्रं १९७७ पासून माणसांना बसवतायत.

प्रश्न: बहिरा होत गेलेल्या संगीतकार बीथोवेनला कर्ण्यांचा फायदा झाला का?

थोडे दिवस. १८१२ ते १८१४ च्या सुमारास योहान मेल्झेलने त्याला काही कर्णे करून दिले, ते बॉनला त्याच्या जन्मघराच्या म्युझियममध्ये बघायला मिळतात. हाच मेल्झेल मेट्रोनोमवाला, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्राचा, त्याचं पेटंट त्याने १८१५ ला घेतलं, कल्पना मुळात विंकेल नावाच्या दुसऱ्या कारागिराची होती पण ते भांडण इथे नको. १८२० च्या सुमारास पियानोच्या तारांवर पत्र्याचं घुमटासारखं झाकण बसवायचाही प्रयोग झाला, म्हणजे वाजवणाऱ्याकडेच आवाज फेकला जावा. पण १८१८ पासूनच पाहुणे वहीत लिहून त्याच्याशी बोलत होते, ह्यावरून काय ते समजा.

प्रश्न: वडील ८४ वर्षांचे, मशीन दिलं तर कपाटात ठेवून देतात. शिट्टी वाजते म्हणे. असा एखादा कर्णा करून दिला तर चालेल का?

कर्ण्यापेक्षा त्याची भावंडं बघा, बोलायची नळी. जुन्या काळात माझ्या मते सगळ्यात जास्त काम हिनेच केलं आणि सगळ्यात कमी कौतुकही हिचंच झालं, कारण दिसायला अगदीच साधी. साधारण हातभर-दोन हात लांब लवचिक नळी, आत तारेची गुंडाळी म्हणजे वाकवली तरी चेपत नाही, वरून विणलेलं रेशीम किंवा लोकर, एका टोकाला कानात बसणारी छोटी तोटी, दुसऱ्या टोकाला बोलणाऱ्याने तोंडाशी धरायची वाटी. बस. ह्यात गोळा करण्याची जादू फार नाही, जादू अंतराची आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबल वाढतो. एक मीटरवरून बोलणारा माणूस सहा सेंटिमीटरवर आला म्हणजे अंतर चार वेळा निम्मं झालं, चोवीस डेसिबल, आणि नळीत आवाज पसरायला वाव नाही म्हणून ते बहुतेक सगळे कानापर्यंत पोचतात. वर बाहेरचा गोंगाट आत येत नाही, तो फायदा आजच्या मशीनलाही सहज जमत नाही. पितळी कर्णे, सिंहांच्या खुर्च्या, फुलदाण्या ह्या सगळ्या खटाटोपात जे खरंच चाललं ते बोलणाऱ्याला जवळ आणणारं चाललं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो १८३४ ते ३६ अशी दोन वर्षं अमेरिका फिरली ती कर्णा घेऊनच, आणि तिचं म्हणणं होतं की घोळक्यातलं बोलणं सुटतं खरं, पण कर्ण्यामुळे एकेक माणूस शेजारी बसून मनातलं बोलतो, ते घोळक्यात ऐकणाऱ्यांना मिळत नाही. उलटा वापर करणारेही होते. एव्हलिन वॉ ह्या लेखकाकडे १९५० च्या दशकात कर्णा होता, एका जेवणाच्या समारंभात न आवडणारा वक्ता बोलायला उठला तसा त्याने तो सरळ खाली ठेवून दिला!

वडिलांसाठी लगेच करून बघण्यासारखं म्हणजे स्टेथोस्कोप. कानाची टोकं त्यांच्या कानात द्यायची, छातीला लावायची बाजू तुमच्या तोंडाशी धरून नेहमीच्या आवाजात, उलट जरा हळूच बोलायचं. हॉस्पिटलमध्ये मशीन जवळ नसलेल्या म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना काही डॉक्टर हे करतात. ओरडायचं अजिबात नाही, आणि चकतीवर नख लागलं तरी त्यांना तोफ वाजल्यासारखं होईल हे लक्षात ठेवा. पण शिट्टीचं कारणही शोधा, बहुतेक वेळा मशीन कानात घट्ट बसलेलं नसतं किंवा कानात मळ साठलेला असतो, दोन्हीवर एका भेटीत इलाज होतो.

प्रश्न: हे कर्णे बनवणं बंद कधी झालं?

वाटतं त्याच्यापेक्षा फार उशिरा. विजेची यंत्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, पण जड बॅटऱ्या, किंमत, खरखर, त्यामुळे जुने ग्राहक कर्ण्यालाच धरून राहिले. ट्रान्झिस्टरवाली छोटी यंत्रं १९५० च्या दशकात आल्यावर मात्र टिकाव लागला नाही. रेइनची पेढी १९६३ ला बंद झाली.

प्रश्न: माझ्याकडे एक खराखुरा आहे, काळा पडलाय. पॉलिशने घासून चकचकीत करू का? आणि विकायचा झाला तर?

घासू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बास. धातूवर कधीकधी मूळ रंग किंवा वार्निश असतं, पॉलिशने ते जातं आणि त्याबरोबर किंमतही. व्हल्कनाइटचं टोक असेल तर उन्हात ठेवू नका आणि गरम पाण्याने तर बिलकुल धुऊ नका, ते तपकिरी-हिरवट होतं आणि गंधकासारखा वास सुटतो, तो रंग परत येत नाही. टोक कानाला लावून बघायचा मोह आवरा, शंभर वर्षांत कोणाकोणाच्या कानात गेलंय कोणास ठाऊक.

विकताना आधी टोक कशाचं आहे ते बघून घ्या. हस्तिदंत किंवा कासवाचं कवच असेल तर साइटिस ह्या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे देशाबाहेर पाठवण्यावर कडक बंधनं आहेत आणि बऱ्याच देशांत अंतर्गत विक्रीवरही आहेत, वस्तू जुनी आहे एवढं सांगून भागत नाही. जाणकाराला दाखवा, लेखी मत घ्या, मगच जाहिरात टाका.